बुधवारचा उपास

१

"अहो, जरा कमी करायला सांगा ना. माझे दात वाजायला लागलेत."

पाहुण्यांपैकी चष्मेवाले गृहस्थ शेजारच्याच्या कानात कुरकुरले, पण छायाताईंचा कानही तिथंच होता. त्या पाठीमागेच उभ्या होत्या, भिंतीला टेकून, कोणी काही सांगेल म्हणून. बाहेर वर्ध्याचा मे महिना चालू होता आणि पारा सत्तेचाळिसावर होता. प्रशासन भवनाच्या सभागृहात मात्र चारही ए.सी. गारवा ओतत होते. खरं सांगायचं तर छायाताईंना बरं वाटत होतं. सकाळपासून घामानं चिकटलेली पाठ पहिल्यांदा सुकली होती.

पिपरी मेघे आणि सेवाग्राम यांच्या मधल्या पठारावर धामतीर विद्यापीठ आहे. तिथं छाया उमाटे तेवीस वर्षं भांडारपाल. खडूपासून खुर्चीपर्यंत आणि टाचणीपासून ट्रान्सफॉर्मरच्या तेलापर्यंत सगळं त्यांच्या हातून जायचं. शिक्षण बारावी. बाकीचं, ग्रंथालयानं रद्दीत काढलेली पुस्तकं सामान बांधायला फाडण्याआधी वाचून काढली, त्यातून आलेलं.

पाहुणे आले होते विद्यापीठाची विजेची बचत तपासायला. पास झालो तर राज्यातलं पहिलं 'हरित विद्यापीठ'. भिंतीवर एक मोठा फलक लावला होता, आणि त्या क्षणाला सगळं विद्यापीठ मिळून किती वीज ओढतं तो आकडा त्यावर हिरव्या रंगात चमकत होता. शंभर किलोवॅटच्या खाली ठेवायचा, असं ठरलं होतं. आता तिथं शहाण्णव होते.

सत्काराची वेळ झाली. सूतमाळांचं तबक घेऊन बंडोपंत कुलगुरूंच्या बाजूला उभे होते. कार्यालय अधीक्षक बंडोपंत धर्माधिकारी, निवृत्तीला एक महिना राहिलेला. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांनी तो कानाला लावला, काही बोलले नाहीत, परत ठेवला.

"छाया, धर जरा हे. चहा कुठं अडकला ते पाहून येतो."

छायाताईंनी तबक धरलं. माळा घातल्या गेल्या, शाली पांघरल्या गेल्या, फोटो निघाले. चहा आला, बंडोपंत काही आले नाहीत.

पाच वाजता पाहुण्यांच्या गाड्या गेल्या आणि छायाताई व्हरांड्यात आल्या. पायरीवर मुलींच्या वसतिगृहाची झाडूवाली शकुबाई बसली होती, पदर तोंडात कोंबून.

"काय झालं गं?"

"चौदा नंबरातली पोट्टी बेसुद पडली, बाई. अंगाले हात लावला त् तव्यावानी. मी धावत आली इथं, त् गार्ड म्हने आत पाहुणे हायेत, गडबड नोको करू, बस, मी आत फोन लावतो." तिनं डोळे पुसले. "मंग वायरमन नत्थूजीनंच उचललं तिले अन् सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. पंखा, कूलर, सारं बंद होतं जी तिथं."

छायाताईंना काही उमजेना. "पण वसतिगृह तर रिकामं आहे. सुट्टी लागून दहा दिवस झाले."

शकुबाईनं मान खाली घातली.

२

कुलगुरू डॉ. योगेंद्र घाटे यांचा निरोप अर्ध्या तासात आला. चौकशी नेमायची होती, मुलीची बाब म्हणून बाईच हवी होती, आणि उन्हाळ्यात जागेवर असलेली, वसतिगृहाबाहेरची बाई एकच होती.

"फार खोलात जायची गरज नाही, छायाताई," ते म्हणाले. आवाज गोड, नजर घड्याळाकडे. "वसतिगृहाच्या विजेच्या खोलीला कुलूप असतं, किल्ली वायरमनकडे. दुपारी नत्थूजींनी वीज बंद केली आणि चालू करायला विसरले. उद्या अकराला बैठक आहे. दोन ओळी लिहून आणा. पत्र मी तयार ठेवलंय."

पत्र टेबलावर उताणंच होतं. 'सेवा तात्काळ समाप्त.' नत्थूजी सतरा वर्षं कंत्राटावर होते. एक जूनला जी कायम होणाऱ्यांची यादी लागायची होती, तिच्यात त्यांचं नाव तिसरं होतं. ही यादी छायाताईंनी स्वतः टाइप करून दिली होती.

"आणि मुलीचं काही बरंवाईट झालं तर?"

"तर मग पत्रानं भागणार नाही. पोलीस येतील," कुलगुरू म्हणाले आणि उठले.

छायाताई वसतिगृहात पोचल्या तेव्हा त्यांच्या मनगटावर सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. वरच्या मजल्यावर, गच्चीखाली, चौदा नंबरची खोली. शकुबाई दारात थबकली.

"चार वाजता पंखा मेल्यावानी उभा होता, बाई. आता पाय, कसा फिरून राह्यला."

पंखा फिरत होता. खिडकीतला कूलर घरघरत होता आणि ओल्या वाळ्याचा वास येत होता. गवत नवंकोरं, हिरवट. छायाताईंनी ते बोटांनी चाचपलं. हे गवत त्यांच्या ओळखीचं होतं. सोमवारीच त्यांनी भांडारातून दिलं होतं, पण या खोलीसाठी नव्हे.

टेबलावर विजेवर चालणारं एक स्वस्तातलं घड्याळ होतं. लाल आकडे उघडझाप करत होते: एक पंचवीस.

शेजारी तापमापक आणि उघडी वही. मुलीचं नाव अपेक्षा भोयर. राहणारी हिंगणघाटच्या पुढं, वेणा नदीच्या काठच्या एका खेड्यातली. तिचा अभ्यास छायाताईंना ठाऊक होता, कारण पोरगी महिनाभर भांडाराच्या दारात तीन पोती चुना मागत होती. गच्चीच्या अर्ध्या भागाला चुना लावायचा, अर्धा तसाच ठेवायचा, आणि खालच्या खोल्या किती तापतात ते रोज मोजायचं. विजेचं एक युनिट न लावता खोली गार होते हे तिला दाखवायचं होतं. चुन्याची मंजुरी आली नव्हती. तिनं पदरचे पैसे घालून पाचसहा खोल्यांपुरता चुना लावला होता. चौदा नंबर न लावलेल्या भागात होती.

वहीत आजची नोंद होती.

'१.१० लाईट गेली. आजचा उपास तर ऑफिसचा आहे. मग?

१.३० चाळीस.

२.०० साडेएक्केचाळीस. लाईट नाही. बरंच झालं, कूलरशिवाय छप्पर किती तापतं ते कळेल.

२.३० साडेबेचाळीस. डोकं जड.

३.०० त्रेचाळीस.'

शेवटच्या शब्दाचं शेपूट रेघेवरून घसरून खाली, कागदाच्या कडेपर्यंत गेलं होतं.

छायाताईंनी वही मिटली आणि परत एकदा त्या घड्याळाकडे पाहिलं. आता एक सव्वीस. त्यांच्या घरीही असंच एक होतं. वीज जाऊन आली की बारा वाजल्यापासून नव्यानं मोजायला लागायचं आणि कोणी लावून देईपर्यंत असंच डोळे मिचकावत राहायचं.

त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग पुन्हा केला.

"शकु, नत्थूजी पोरीला घेऊन किती वाजता निघाले?"

"सव्वाचारले. गार्डच्या घड्याळीत पायलं म्या."

वीज परत आली होती चार चाळीसला.

३

उपासाचं थोडं सांगायला हवं. फेब्रुवारीत ही कल्पना निघाली तेव्हा सगळ्यांना फार आवडली होती. वर्ध्यात उपास, मौन, श्रमदान हे शब्द कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. आठवड्यातून एकदा, बुधवारी एक ते दोन, एका इमारतीनं विजेचा उपास धरायचा. पंखा नाही, दिवा नाही, काही नाही. इमारती पाच. सोमवारी प्रार्थनेनंतर पितळी तांब्यातून चिठ्ठी निघायची आणि सगळे जण कागदावर सही करायचे. छायाताईंनीही आजवर चौदा सह्या केल्या होत्या.

या सोमवारी चिठ्ठी निघाली होती प्रशासन भवनाची.

सेवाग्रामच्या दवाखान्याबाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर नत्थूजी बसले होते. सदरा घामानं आणि पाण्यानं भिजलेला. पोरीच्या अंगावर ओतायला वाटेत त्यांनी रसवंतीवाल्याची अख्खी बादली उचलली होती. हातात दवाखान्याची चिठ्ठी होती. तिच्यावर दाखल केल्याची वेळ छापली होती: चार पस्तीस.

"अजून डोळे नाई उघडले तिनं," ते म्हणाले. "डाक्टर म्हनते, आजची रात काढू द्या."

"भाऊ, वीज कोणी बंद केली?"

"मले मालूम नाई."

"तुम्ही केली?"

"नाई."

"मग कोणी? किल्ली तर तुमच्याकडे असते."

त्यांनी कमरेची किल्ली काढून बाकावर ठेवली. "हे पाहा ताई. मी बारापासून पंपघरावर होतो, एकटाच. कोनी पायलं नाई मले. साक्ष कोनाची देऊ? मोटरीची?"

"उद्या अकराला तुमचं पत्र निघणार आहे. माहीत आहे ना?"

"हाव."

"मग बोला ना काही! पोरगी तिथं राहते हे तुम्हाला माहीत होतं. चारनंतर सरळ चौदा नंबरात गेलात."

नत्थूजींची नजर आत, जाळीच्या दाराकडे गेली. तिथं वसतिगृहाच्या अधीक्षक रूपाली वानखेडे भिंतीला डोकं टेकून उभ्या होत्या. पस्तिशीची बाई, एरवी पोरींना दोन मैलांवरून धाक वाटावा अशी. आज चप्पलही एकच पायात होती.

छायाताई तिच्याजवळ गेल्या आणि हलकेच म्हणाल्या, "सोमवारी तू वाळ्याचं गवत नेलंस. घरच्या कूलरला हवं म्हणालीस. तुझ्या घरी कूलरच नाही, रूपाली. उन्हाळाभर तू माझ्याकडून मागच्या खोलीचा टेबलफॅन मागून नेतेस."

रूपालीनं भिंतीवरून डोकं उचललं.

"तिच्या घरी टिनाचं छप्पर आहे हो ताई. तिला मोजमाप पुरं करायचं होतं, मे संपला की वर्ष वाया. मी रीतसर अर्ज पाठवला होता. परत आला. 'हरित धोरणानुसार सुट्टीत वसतिगृह बंद.' मी कागदावर रिकामं लिहिलं आणि तिला राहू दिलं. नत्थूभाऊंनी कूलर बसवून दिला." तिनं पदरानं तोंड दाबलं. "ते माझ्यासाठी गप्प आहेत. त्यांनी तोंड उघडलं तर माझी नोकरी जाते. मी उघडलं तरी माझीच जाते. मी रिकामं लिहिलं नसतं तर..."

छायाताईंनी तिला बाकावर बसवलं.

"तू गाडीत होतीस ना नत्थूजींबरोबर?"

"हो. पोरीचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

म्हणजे चार चाळीसला ही दोघं इथं, सहा किलोमीटरवर. तिकडं कोणीतरी तिसऱ्यानं कुलूप उघडून खटका वर केला होता, आणि तोंड बंद ठेवलं होतं.

४

गुरुवारी सकाळी आठला छायाताईंनी सुमीतला गाठलं. सुमीत पांडे हरित कक्षाचा अभियंता. फलक त्याचा, उपासाला वीज आपोआप बंद-चालू करणारे टायमर त्याचे, पाहुण्यांपुढची इंग्रजीही त्याचीच.

"टायमर बिघडला असेल का रे? आपोआप वीज गेली, आपोआप आली?"

"नाही ना, मॅडम," तो झटकन म्हणाला. यंत्रावरचा आळ त्याला सहन होत नसावा. "माझा टायमर फक्त तासाला नाही तर अर्ध्या तासाला हलतो. एक, दीड, दोन. अधलीमधली वेळ त्याला लावताच येत नाही."

"एक दहा?"

"शक्यच नाही."

"चार चाळीस?"

सुमीतनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ते हातानं केलेलं असणार."

"काल फलकासमोर तूच होतास. एक वाजता काय झालं?"

तो उगाच टेबलावरची वायर गुंडाळू लागला. "एक वाजता साहेब पाहुण्यांना म्हणाले, आता आमच्या एका इमारतीचा उपास सुरू होतोय, आकडा पाहा. आकडा हललाच नाही. उलट एकशेचार झाला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी घामाघूम, त्या गारव्यात. मग दहा मिनिटांनी एकदम शहाण्णव. टाळ्या पडल्या."

"कसा उतरला, तू विचारलं नाहीस?"

"उतरला ना, मॅडम. उतरलेल्या आकड्याला कोण विचारतं?"

"मुलींच्या वसतिगृहाच्या लाईनवर काय काय आहे?"

"पाण्याची मोटर, मेसचे फ्रीझर, पाणी गार करायचं मशीन... सात-आठ किलोवॅट सहज." तो थांबला. चेहरा उतरला. "पण ते तर रिकामं होतं ना?"

छायाताईंच्या डोक्यात दुसरंच काही हलत होतं. "प्रशासन भवनाचा टायमर कुठं बसवला आहे?"

सुमीत हसल्यासारखं करून थांबला. "तुम्ही मला विचारता? खोकी तर तुम्हीच दिलीत."

हो. त्यांनीच दिली होती. फेब्रुवारीत, मोजून, सही घेऊन. इमारती पाच, टायमर चार; प्रशासन भवनाला टायमरच नव्हता. तेव्हा त्यांच्या मनात आलं होतं, पाचवं कुठं आहे? आणि मनात आलेलं तिथंच विरून गेलं होतं. सगळ्यांच्याच मनातलं विरलं असणार. प्रशासन भवनाची चिठ्ठी याआधी दोनदा निघाली होती. दोन्ही वेळा 'पाहुणे आहेत' म्हणून मुलींच्या वसतिगृहानं 'स्वेच्छेनं' तो उपास धरला होता, आणि त्या कागदावरही सगळ्यांच्या सह्या होत्या.

भांडारात येऊन त्यांनी फोन काढला. विद्यापीठाच्या ग्रुपवर कालचा सत्काराचा फोटो होता, कोपऱ्यात वेळ: चार एक्केचाळीस. चष्मेवाल्या पाहुण्यांनी सत्काराची शाल गळ्यापर्यंत लपेटून घेतली होती. मे महिन्यातल्या वर्ध्यात शाल लपेटून बसलेला माणूस! फोटोला सत्तावन्न अंगठे आले होते आणि एकालाही ते दिसलं नव्हतं.

त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. कुलगुरू होते. सुमीत फलकाजवळ होता. आणि तबक धरून, जरा अवघडून, ज्या बाईनं कधी तबक धरलं नव्हतं ती बाई उभी होती.

छायाताईंचा हात आपोआप छातीशी गेला, तबकाचं वजन अजून तिथं असल्यासारखा.

५

बंडोपंतांच्या खोलीत काचेची एक पेटी आहे. तिच्यात विद्यापीठाच्या सगळ्या कुलपांच्या दुसऱ्या किल्ल्या टांगलेल्या असतात. गेल्या आठवड्यात आलेल्या वावटळीची धूळ सगळ्या किल्ल्यांवर पिठासारखी बसली होती. सातव्या खिळ्यावरची, मुलींच्या वसतिगृहाच्या विजेच्या खोलीची, एकच किल्ली लखलखीत होती.

"ये, छाया." बंडोपंत मागून म्हणाले. ते खुर्चीत बसले होते, दिवा न लावता. पंखाही बंद होता. टेबलावर डबा तसाच, न उघडलेला.

तेवीस वर्षांपूर्वी याच खोलीत, नवरा गेल्यावर दोन लेकरं घेऊन आलेल्या छायाला त्यांनी भांडारात चिकटवलं होतं. 'शिकलेली नाहीस म्हणून लाजू नको, वाचत जा,' असं सांगून रद्दीच्या खोलीची किल्लीही त्यांनीच दिली होती. छायाताई उभ्याच राहिल्या.

"पोरगी कशी आहे?" बंडोपंतांनी विचारलं.

"रात्र काढली. अजून शुद्ध नाही."

"मी रात्रभर जागाच आहे." त्यांनी चष्मा काढला. "तू काय लिहिणार आहेस?"

"झालं ते."

"मला एक महिना राहिलाय, छाया."

"नत्थूजींना पंधरा वर्षं राहिलीत, बंडोपंत."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते. बाहेरून शिपायाची हाक आली, साहेब बोलावताहेत. बंडोपंत उठले आणि छायाताईंच्या आधी दाराबाहेर पडले. दाराशी त्यांचा हात सवयीनं पंख्याच्या बटणाकडे गेला. बटण आधीच बंद होतं.

६

बैठक त्याच सभागृहात होती. कुलगुरू, बंडोपंत, सुमीत, आणि दाराजवळ उभे नत्थूजी. त्यांना बसायला कोणी सांगितलं नव्हतं. रूपाली दवाखान्यातच होती. फलकावर नव्व्याण्णव चमकत होते आणि चारही ए.सी. चालू होते.

छायाताईंनी वही आणि फोन टेबलावर ठेवला.

"वीज गेली एक दहाला, असं अपेक्षानं लिहून ठेवलंय. आली चार चाळीसला, हे तिच्या खोलीतल्या घड्याळावरून कळतं. टायमर या वेळांना हलत नाही, म्हणजे काम हातानं झालं. चार पस्तीसला नत्थूजी सेवाग्रामला होते, दवाखान्याची चिठ्ठी आहे. तेव्हा खटका वर करणारे ते नाहीत. आणि ज्याला खटका वर करायचं सुचलं, त्याला तो खाली आहे हे ठाऊक होतं. खाली त्यानंच केला होता."

"म्हणजे कोण?" कुलगुरूंनी विचारलं. विचारताना ते कोणाकडेच पाहत नव्हते.

"ज्याच्या पेटीतली दुसरी किल्ली धुळीत लखलखतेय तो. गार्डचा फोन आल्यावर जो माझ्या हातात तबक देऊन गेला आणि फोटोत नाही तो. एक वाजता आकडा उतरला नाही म्हणून रिकामं वसतिगृह बंद करून आला. ते रिकामं आहे असं त्याच्या कागदावर होतं. दोनला चालू करायचं असणार. पण आकडा छान दिसत होता."

सुमीतनं डोळे मिटले. बंडोपंत टेबलावरच्या लाकडाच्या रेषा पाहत होते. नत्थूजी दाराजवळून एक पाऊल पुढं आले आणि तिथंच थांबले.

छायाताईंचा फोन वाजला. रूपाली. त्यांनी तो तसाच सगळ्यांसमोर उचलला.

"ताई, डोळे उघडले हो तिनं! पाणी प्यायली. पहिलं काय विचारलं माहितीये? 'लाईट आली का?' म्हणाली."

नत्थूजी खाली बसले, जमिनीवरच, आणि दोन्ही तळव्यांनी चेहरा पुसू लागले.

कुलगुरूंनी मोठा श्वास सोडला. त्यांच्या आवाजात गोडवा परत आला.

"चला, देव पावला. मग आता हे वाढवायचं कशाला? छायाताई, लिहा, तांत्रिक बिघाड. टायमरचा. नत्थूजींचं पत्र मी आत्ता फाडतो. एक तारखेला ते कायम होतील, माझा शब्द. वसतिगृहाच्या कागदाचंही कोणी काढणार नाही. बंडोपंत सन्मानानं निवृत्त होतील. पोरीला पुढच्या वर्षीची फी माफ. यात कोणाचं वाईट होतंय? सांगा."

त्यांनी पत्र खरंच फाडलं, दोनदा, आणि तुकडे नीट एकावर एक ठेवले. मग कोरा कागद आणि पेन छायाताईंसमोर सरकवलं.

खोलीत ए.सी.चीच काय ती घरघर. छायाताईंनी पेन उचललं. नत्थूजींकडे पाहिलं. सतरा वर्षं त्या कागदात होती, आणि रूपालीची चप्पल, आणि रद्दीच्या खोलीची किल्ली. एक शब्द लिहिला की सगळे वाचत होते.

"मले पाहू नका, ताई," नत्थूजी खालूनच म्हणाले. "तुमाले जे लिहाचं ते लिहा. पन तिनं मले विचारलं त् मी काय सांगू? टायमर बिघडलता? तिले टायमर माह्यापेक्षा जास्त समजते."

छायाताईंनी पेन खाली ठेवलं.

"साहेब, दर सोमवारी आपण एका कागदावर सही करतो," त्या म्हणाल्या. "मी चौदा केल्या. टायमर चारच आहेत हे ठाऊक असून केल्या. काल इथं उभी राहून मला गारवा बरा वाटत होता. ही पंधरावी सही माझ्यानं होत नाही."

"चारचा इथं काय संबंध?" कुलगुरूंचा आवाज टोकदार झाला. "मी कोणाला वसतिगृह बंद करा असं सांगितलं? बंडोपंत, मी सांगितलं?"

"नाही. आपण म्हणालात, आकडा खाली आला पाहिजे, कसा ते तुम्ही पाहा."

"मग? त्याचे शंभर मार्ग होते!"

"एकच होता," बंडोपंत म्हणाले.

ते उठले. टेबलाच्या मधोमध ए.सी.चा रिमोट होता, सगळ्यांच्या हाताशी. त्यांनी तो घेतला आणि एकेक करून चारही ए.सी. बंद केले. घरघर थांबली. फलकावरचा आकडा लुकलुकला, ब्याण्णव झाला, मग सत्त्याऐंशी, मग आणखी खाली. सगळे त्याच्याकडे पाहत राहिले. इतका तो आजवर कोणत्याच बुधवारी उतरला नव्हता.

चाळीस वर्षं कार्यालयात शुद्ध मराठी बोललेले बंडोपंत कुलगुरूंकडे वळले, आणि त्यांच्या तोंडून त्यांच्या आईची भाषा निघाली.

"उपास आपन एकही धरला नाई, साहेब. आपल्याले थंडी पाहिजे होती, म्हनून दर खेपेले त्या पोरीयच्या खोलीत अंधार केला. अन् काल त्याचा खटका म्या, माह्या हातानं, खाली पाडला."